तपासणीआधीचा आठवडा

“थेंब घालून काहीच फरक जाणवत नाही, मग दोन-चार दिवस राहून गेले तर काय बिघडले?” काचबिंदूचे रुग्ण हा प्रश्न मला हमखास विचारतात. अशा वेळी मला साठी उलटलेले एक गृहस्थ आठवतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

प्रत्येक तपासणीत त्यांच्या डोळ्यांचा दाब १० ते २१ (मिलिमीटर पारा) या सर्वसाधारण मर्यादेत येत असे, तरीही फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेचा आवाका मोजणाऱ्या तपासणीत, कडेची नजर दर खेपेस थोडी अधिक आक्रसलेली दिसे. दुसरे औषध जोडण्यापूर्वी डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले.

“थेंब नियमित घालता ना?” असे मी कधीच विचारत नाही, कारण त्याला होकाराशिवाय दुसरे उत्तर क्वचितच मिळते. सध्याची बाटली कधी उघडली, एवढेच मी विचारले. त्यांच्या अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत रोज रात्री एकेक थेंब घातला तर ती ४० दिवसांत संपते आणि उघडून ४ आठवडे झाले की उरलेले औषध तसेही टाकून द्यायचे असते. त्यांची बाटली तीन महिन्यांपूर्वी उघडलेली होती आणि अर्धी शिल्लक होती.

थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, “तपासणीची तारीख जवळ आली की आठवडाभर मात्र मी एकही दिवस चुकवत नाही.”

त्या आठवडाभराच्या थेंबांनी दाब उतरत असे, यंत्रावर तोच उतरलेला आकडा दिसे, आणि मधल्या महिन्यांत वाढलेल्या दाबाने दृष्टीची नस झिजत राही. एकदा गेलेली नजर या आजारात परत येत नाही. तरीही मला त्यांना दोष द्यावासा वाटला नाही. डोळा दुखत नाही, समोरचे स्पष्ट दिसते, थेंब घातल्यावर उलट डोळे लाल होतात. अशा औषधाशी रोज इमान राखणे खरोखरच अवघड असते.

मग मी त्यांना माझ्यासमोर थेंब घालायला सांगितले. पहिले दोन गालावर ओघळले. कपाळावर हात टेकवून, खालची पापणी ओढून झालेल्या खोबणीत एकच थेंब सोडायचा, नंतर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरायचा, हे आम्ही तीन वेळा रिकाम्या बाटलीवर गिरवले. लालीबद्दल डॉक्टरांशी बोलणे झाले आणि औषध बदलले गेले. बाटलीची जागा दात घासायच्या ब्रशशेजारी ठरली.

पुढच्या भेटीत मी विचारण्याआधीच त्यांनी कॅलेंडरचे पान टेबलावर ठेवले. त्यावर तीन दिवसांवर फुल्या होत्या. “हे चुकले,” ते म्हणाले, “डॉक्टरांनाही दाखवणार आहे.”