अमेरिकेत होमस्टेडला १८९२ साली कामगारांनी पिंकर्टन या खाजगी पहारेकरी कंपनीची माणसं पिटाळली, तरी संप का फसला?

आधी एक दुरुस्ती. सुरुवात कंपनीने केली, टाळेबंदीने. कामगार बाहेर पडायच्या आधीच फाटकं बंद झाली होती.

होमस्टेड हा पिट्सबर्गजवळ मोनोंगाहेला नदीकाठचा कार्नेगी स्टीलचा कारखाना. कामगार सुमारे ३,८००. संघटनेचे सभासद त्यातले जेमतेम ८००, पण ते सगळे कसबी, त्यांच्यावाचून काम अडे. त्यांची मजुरी टनावर, आणि टनाचा दर पोलादाच्या भावाशी बांधलेला. चार इंची चौकोनी बिलेटचा, म्हणजे पोलादाच्या कच्च्या दांड्याचा, भाव चढला की दर चढे, उतरला की उतरे. फक्त खाली एक तळ ठरलेला: भाव कितीही पडला तरी मजुरी टनाला २५ डॉलर भाव धरूनच काढायची. फ्रिकला, म्हणजे कार्नेगीच्या कारभाऱ्याला, हा तळ २२ वर हवा होता. घासाघीस होऊन कंपनी २३ वर आली, संघटना २४ वर.

आता वाटतं, एका डॉलरवर घोडं अडलं. मला विचाराल तर खरी मेख तारखेच्या कलमात होती. करार ३० जूनला संपायचा; कंपनीला ती तारीख ३१ डिसेंबर हवी होती. पुढचा तंटा ऐन थंडीत आला असता. घरात कोळसा जाळायचा आणि पगार बंद, अशात कोण किती दिवस तग धरणार?

फ्रिकने बोलणी चालू असतानाच कारखान्याभोवती सुमारे तीन मैल फळ्यांचं कुंपण घातलं, वर काटेरी तार. लोक त्याला ‘फोर्ट फ्रिक’ म्हणू लागले. ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टनची ३०० माणसं दोन बार्जमधून, म्हणजे ओढून न्यायच्या सपाट होड्यांमधून, आली. रस्त्याने आली असती तर वाटेत गाव होतं. नदीतून थेट आवारात उतरता येत होतं. पण बार्जला स्वतःचं इंजिन नव्हतं. ओढणारी बोट जखमींना घेऊन निघून गेली आणि बार्ज काठाशी अडकून पडल्या. वरून गोळ्या, डायनामाइट, पाण्यावर ओतलेलं तेल, पेटता तराफा. संध्याकाळी पाचच्या सुमारास पिंकर्टनवाले शरण आले. कामगारांचे सात आणि त्यांचे तीन मेले, असा आकडा सहसा दिला जातो.

त्या दिवशी कामगार जिंकलेच. डाव उलटला १२ जुलैला. पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर पॅटिसन याने राज्याचे सुमारे ८,५०० मिलिशिया सैनिक पाठवले, तेही गाव शांत असताना. कागदावर काम बंदोबस्ताचं. प्रत्यक्षात त्यांच्या आडोशाने नवे कामगार आत जाऊ लागले आणि भट्ट्या पेटल्या. फाटक अडवता येईना, तिथे संपाची नांगी मोडली. शेजारच्या ब्रॅडॉकमधला कार्नेगीचाच कारखाना तर बिनसंघटनेचा, तो चालूच होता. २३ जुलैला अलेक्झांडर बर्कमनने फ्रिकवर गोळ्या झाडल्या. हा अराजकवादी होमस्टेडचा कामगारही नव्हता, पण बदनामी संपवाल्यांच्या वाट्याला आली. वर खुनाचे, दंगलीचे, चक्क राजद्रोहाचे खटले. ज्यूरीने दोषी धरलं नाही, तरी पुढारी तुरुंगात आणि पैसा जामिनात.

नोव्हेंबरात आधी रोजंदारीवाल्यांनी कामावर जायची मोकळीक मागितली. २० तारखेला संघटनेने संप मागे घेतला. त्यानंतर टनाचे दर कापले गेले आणि बारा तासांची पाळी सरसकट झाली. पुढे कार्नेगीची कंपनी ज्यात विलीन झाली त्या यू. एस. स्टीलने कार्नेगीच्या जुन्या कारखान्यांसाठी कामगार संघटनेशी करार केला तो थेट १९३७ मध्ये.

१८९३ मध्ये पिंकर्टनविरोधी कायदा झाला खरा, पण त्याने हात बांधले ते फक्त केंद्र सरकारचे. खाजगी कंपन्यांना अशी माणसं ठेवायला त्यात आडकाठी नव्हती.