ताऱ्याच्या पोटातलं कळतं कसं: मोजलेलं किती आणि मॉडेलचं किती

तुम्ही विचारलंय की ताऱ्याच्या आत कुठलंही यान गेलेलं नाही, तरी बातम्यांमध्ये छातीठोकपणे येतं की अमक्या ताऱ्याचं वय ७ अब्ज वर्षं, तमक्याचा गाभा पृष्ठभागापेक्षा दहापट वेगाने फिरतो, मग हे खरंच मोजलेलं असतं की कॉम्प्युटरवर बांधलेला अंदाज? प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. उत्तर असं की दोन्ही असतं, आणि मोजमाप कुठे संपतं आणि मॉडेल कुठे सुरू होतं हे बातमीत कधीच सांगत नाहीत. माझा केप्लर या अवकाश दुर्बिणीच्या डेटाशी रोजचा संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मोजतात काय ते बघू. १९६० च्या सुमारास रॉबर्ट लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत दिसलं की सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच पाच मिनिटांनी वर-खाली होतो. ही हालचाल वरवरची नाही, सूर्याच्या आत अडकलेल्या ध्वनिलहरींची आहे, हे १९७० च्या आसपास रॉजर उलरिक आणि स्वतंत्रपणे लायबाकर आणि स्टाइन यांनी सांगितलं, आणि १९७५ मध्ये डॉइबनर यांच्या निरीक्षणांनी ते पक्कं झालं. माठ विकत घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो तसंच हे, फक्त इथे टिचकी बाहेरून कोणी मारत नाही, पृष्ठभागाखाली जे खदखदणारं संवहन (गरम वायू वर, थंड वायू खाली) चाललेलं असतं तेच सतत कंपनं उठवत राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आत जावं तसं तापमान वाढतं, तापमान वाढलं की ध्वनीचा वेग वाढतो, म्हणून तिरकी आत शिरलेली लहर हळूहळू वळते आणि परत वर येते, वर आली की विरळ थराला आपटून पुन्हा आत. कुठली लहर किती खोल जाऊन वळणार हे तिच्या प्रकारावर ठरतं, काही जेमतेम कातडीखालून फिरतात तर काही थेट गाभ्यातून आरपार जातात. म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीत वेगवेगळ्या खोलीची माहिती मिसळलेली आहे. सूर्याचे असे लाखो मोड (म्हणजे कंपनाचे ठरावीक प्रकार, प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी) आहेत, त्यांची एकमेकांशी वजाबाकी करत गेलं की थराथरातला ध्वनीचा वेग वेगळा काढता येतो. याला इन्व्हर्जन म्हणतात आणि यात मॉडेलचा हात खूपच कमी असतो. एकेका मोडचा वेग सेकंदाला जेमतेम २० सेंटीमीटर, पण फ्रिक्वेन्सी इतकी नेमकी मिळते की खगोलशास्त्रात एवढ्या अचूक मोजलेल्या गोष्टी फार नाहीत. फक्त रात्र मध्ये आली की निरीक्षण तुटतं, म्हणून १९९५ पासून गाँग नावाचं सहा वेधशाळांचं जाळं जगभर पसरून ठेवलंय, एकीकडे सूर्य मावळला की दुसरीकडे उगवलेला असतो, आणि त्या सहापैकी एक आपल्या उदयपूरला आहे.

यातून काय हाती लागलं? संवहनाचा थर सूर्याच्या केंद्रापासून ०.७१३ त्रिज्येवर संपतो. तिथे तापमान उतरण्याचा दर एकदम बदलतो आणि ध्वनीच्या वेगाच्या आलेखात एक बारीकसं वळण येतं, ते फ्रिक्वेन्सीत दिसतं. १९९१ मध्ये क्रिस्टेन्सन-डाल्सगार्ड, गॉफ आणि थॉम्पसन यांनी हा आकडा काढला आणि १९९७ मध्ये सर्बानी बसू आणि एच. एम. अंतिया यांनी तो आणखी घट्ट केला. बसू यांची पीएचडी मुंबईच्या टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था), अंतियाही तिथलेच, आणि त्याच संस्थेत शशिकुमार चित्रे यांनी अंतियांबरोबर सूर्याच्या अंतरंगावर आणि न्यूट्रिनोच्या (गाभ्यात तयार होऊन जवळपास कशालाही न अडता बाहेर पडणारे कण) कोड्यावर बरंच काम केलं. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला बसून लोकांनी सूर्याच्या पोटातली मापं काढली आणि आपल्याकडे हे फारसं कोणाला माहीतच नाही, याची मला खरंच खंत वाटते.

हीलियमची गोष्ट तर मला याहून आवडते. सूर्याचा पृष्ठभाग एवढा गरम नाही की हीलियमच्या रेषा वर्णपटात नीट मोजता याव्यात, त्यामुळे सूर्यात हीलियम किती हे बाहेरून कळतच नव्हतं. पण पृष्ठभागापासून साधारण २ टक्के खाली हीलियमचं दुसरं आयनीभवन होतं (अणूतला दुसरा इलेक्ट्रॉनही सुटतो), तिथे वायूचा दाबाला प्रतिसाद किंचित बदलतो आणि त्याची खूण लहरींवर उमटते. त्यावरून वस्तुमानाच्या सुमारे २५ टक्के हीलियम निघालं. गंमत म्हणजे सूर्य जन्मला तेव्हा ते २७ टक्क्यांच्या आसपास असायला हवं असं मॉडेल सांगत होती. फरक पडला कारण साडेचार अब्ज वर्षांत हीलियम हळूहळू खाली बसत गेलंय. हे खाली बसणं मॉडेलमध्ये घातलं तेव्हाच आकडे जुळले. म्हणजे इथे मोजमापाने मॉडेलला दुरुस्त केलं.

न्यूट्रिनोचंही तसंच. रे डेव्हिस यांना अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत अपेक्षेच्या एक तृतीयांशच न्यूट्रिनो मिळत होते आणि बऱ्याच जणांना वाटायचं की सूर्याचं मॉडेलच चुकलंय, गाभा थोडा थंड असेल. पण ध्वनीचा मोजलेला वेग आणि मॉडेलचा वेग यात अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेरचाच फरक निघाला, म्हणजे दोष सूर्यात नाही, न्यूट्रिनोतच काहीतरी आहे. पुढे कॅनडाच्या सडबरी वेधशाळेने २००१-०२ मध्ये दाखवलं की न्यूट्रिनो वाटेत आपली जात बदलतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, ध्वनीचा वेग म्हणजे तापमान नव्हे. तो तापमान आणि वायूच्या सरासरी रेणुभाराच्या गुणोत्तरावर ठरतो. त्यामुळे "गाभ्याचं तापमान मोजलं" असं कुठे वाचलंत तर समजा की मध्ये मॉडेल आलंय.

आता दूरचे तारे. इथे गणित पार बदलतं कारण तारा एक ठिपका असतो, बारीक नक्षीचे मोड एकमेकांना खोडून टाकतात आणि हातात राहतात फक्त मोठ्या आकाराचे, जे सुदैवाने खोलवर जाणारेच असतात. लाखोंच्या जागी काही डझन फ्रिक्वेन्सी. त्यासुद्धा दहा लाखांत काही भाग एवढ्याशा उजेडाच्या चढउतारातून काढायच्या, म्हणून कोरो (२००६), केप्लर (२००९) आणि टेस (२०१८) ही अवकाशातली यानं लागली.

उदाहरण म्हणून १६ सिग्नी घ्या. हंस तारकासमूहातली सूर्यासारखीच जोडी, ऑक्टोबरात आकाश स्वच्छ झालं की संध्याकाळी उत्तरेकडे बघा, छोट्या दुर्बिणीतून दोन्ही वेगळे दिसतात. त्यातल्या ए ताऱ्याच्या पॉवर स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे याचा आलेख) कंगव्याच्या दातांसारखी शिखरं येतात, एकाच प्रकारच्या लागोपाठच्या दातांतलं अंतर सुमारे १०३.५ मायक्रोहर्ट्झ (हर्ट्झचा दहा लाखावा भाग) आणि सगळ्यात उंच भाग २२०० मायक्रोहर्ट्झच्या आसपास. सूर्यासाठी हेच आकडे १३५.१ आणि ३०९०. दातांतलं अंतर म्हणजे ध्वनीला तारा आरपार जायला लागणाऱ्या वेळाचा व्यस्त, सूर्याला तो वेळ दोन तासांच्या जरा वर येतो, आणि त्यातून सरासरी घनता मिळते. उंच भागाची जागा पृष्ठभागावरच्या गुरुत्वाकर्षणाशी बांधलेली आहे. वहीत करून बघा: २२०० भागिले ३०९० म्हणजे ०.७१२, १०३.५ भागिले १३५.१ म्हणजे ०.७६६. पहिल्याला दुसऱ्याच्या वर्गाने भागा, तापमानाची किंचित दुरुस्ती करा, त्रिज्या येते सूर्याच्या १.२२ पट. पहिल्याचा घन आणि दुसऱ्याचा चतुर्थ घात घेऊन भागा, इथेही तापमानाची दुरुस्ती करा, वस्तुमान येतं १.०६ पट. माउंट विल्सनवरच्याच चारा या इंटरफेरोमीटरने (अनेक दुर्बिणी जोडून केलेलं यंत्र) त्रिज्या थेट मोजली, तीही १.२२ आली. वस्तुमान मात्र बारकाईने मॉडेल केल्यावर १.१ च्या जवळ जातं, कारण घन आणि चतुर्थ घातामुळे मूळ आकड्यातली १ टक्क्याची चूक ३-४ टक्के होऊन बसते.

आणि वय? ते थेट मोजता येत नाही. गाभ्यात हायड्रोजनचं हीलियम होत जातं तसा तिथला ध्वनीचा वेग कमी होतो, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विशिष्ट मोडमधलं छोटं अंतर आकसत जातं. सूर्यात ते ९ मायक्रोहर्ट्झच्या आसपास आहे, १६ सिग्नी ए मध्ये त्याहून स्पष्ट कमी. मग मेसासारख्या, ताऱ्याची वाढ गणिताने करून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर वेगवेगळं वस्तुमान, हीलियम, धातूंचं प्रमाण घालून हजारो तारे वाढवायचे, प्रत्येकाच्या फ्रिक्वेन्सी काढायच्या आणि कुठला जुळतो ते बघायचं. जुळणारा सापडला की त्याचं वय ते ताऱ्याचं वय. या जोडीचं सौंदर्य असं की दोन्ही तारे स्वतंत्रपणे मॉडेल केले, एकत्र जन्मलेत हे मॉडेलला सांगितलंच नाही, तरी दोघांचं वय सुमारे ७ अब्ज वर्षंच आलं. असा ताळा मिळाला की माझा विश्वास बसतो, एरवी एकट्या ताऱ्याच्या वयाचा आकडा मी जपूनच घेतो. कारण थोडं कमी वस्तुमान आणि थोडं जास्त हीलियम घातलं तरी जवळपास त्याच फ्रिक्वेन्सी येतात, शिवाय पृष्ठभागालगतचं संवहन मॉडेलला नीट जमत नाही, सूर्यासाठीसुद्धा वरच्या फ्रिक्वेन्सी १० मायक्रोहर्ट्झपर्यंत चुकतात, आणि मोजमापाची अचूकता ०.१ च्याही खाली. ती चूक भरून काढायला दुरुस्तीची सूत्रं वापरतात किंवा फ्रिक्वेन्सीतल्या फरकांची गुणोत्तरं घेतात ज्यात वरच्या थराचा परिणाम बराचसा निघून जातो. पेपर वाचताना हे कसं केलंय ते आधी शोधा.

तुम्ही लिहिलेलं गाभ्याचं फिरणं रेड जायंट ताऱ्यांतून, म्हणजे म्हातारपणी फुगलेल्या ताऱ्यांतून आलंय. त्यांचा गाभा इतका दाट की तिथल्या गुरुत्व-लहरी (ज्यात वायू उत्प्लावक बलाने वर-खाली हेलकावतो त्या, लायगो वेधशाळा पकडते त्या अवकाशकाळातल्या लहरी नव्हे) आणि बाहेरच्या ध्वनिलहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे गाभ्याची खबर थेट पृष्ठभागावर येते. २०११ मध्ये टिम बेडिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या मिश्र मोडच्या कालावधीतलं अंतर सुमारे ५० सेकंद असेल तर गाभ्याभोवती हायड्रोजन जळतोय आणि १०० ते ३०० सेकंद असेल तर गाभ्यात हीलियम पेटलंय. बाहेरून दोघांचा रंग आणि तेज सारखंच दिसू शकतं, तरी एका आलेखात निकाल लागतो! ताऱ्याच्या फिरण्यामुळे हेच मोड फुटतात, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीच्या जागी जवळजवळच्या दोन-तीन दिसतात, आणि गाभ्याजवळचे जास्त फुटलेले दिसतात. दहापट वेग तिथून आला, तो बऱ्यापैकी मोजलेला आहे. पण मॉडेलनुसार गाभा याहून कितीतरी जोरात फिरायला हवा होता. काहीतरी त्याचा वेग बाहेर काढून नेतंय, चुंबकीय क्षेत्र हा मोठा संशयित, आणि २०२२ मध्ये तीन रेड जायंटच्या गाभ्यात तसं क्षेत्र मोडच्या सरकण्यातून सापडलंही. तरी हा हिशेब अजून पूर्ण लागलेला नाही.

म्हणून माझी प्रतवारी अशी: फ्रिक्वेन्सी डोळे मिटून माना, सरासरी घनता जवळपास तशीच, त्रिज्या चांगली, वस्तुमान बरं, आणि वय वाचताना कुठल्या गृहीतांवर ते उभं आहे हे विचारा.

स्वतः करून बघायचं असेल तर पायथनमधलं लाइटकर्व्ह हे पॅकेज घ्या, केप्लरचा डेटा फुकट आहे. सुरुवात रेड जायंटपासूनच करा. केप्लरने बहुतेक ताऱ्यांचे फोटो सुमारे अर्ध्या तासाला एक असे साठवले, त्यात २८३ मायक्रोहर्ट्झच्या वरचं काही पकडता येत नाही, त्यामुळे सूर्यासारखा तारा घेतलात तर काहीच दिसणार नाही, त्याला मिनिटाला एक वाला शॉर्ट कॅडन्स डेटा लागतो. रेड जायंटची कंपनं तासातासांची असतात, ती साध्या डेटातही ठळक उठून येतात. १६ सिग्नी त्यानंतर घ्या, ते तारे केप्लरसाठी फार तेजस्वी असल्याने पिक्सेल भरून वाहतात आणि मास्क (कुठले पिक्सेल मोजायचे ती चौकट) स्वतः आखावा लागतो. तिथे अडलात तर आलेख टाका, बघून सांगतो.