झुरळ 'प्राणी' आहे का? 'पाणातिपाता'मधल्या 'पाण'विषयी

प्रश्न असा आला आहे: "आम्ही दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो. परवा घरी आल्यावर मी झुरळावर चप्पल उगारली, तर आठ वर्षांची लेक म्हणाली, आत्ताच 'पाणातिपाता' म्हटलं ना? मी म्हटलं, ते प्राण्यांबद्दल आहे, झुरळ थोडंच प्राणी आहे! ती गप्प झाली, पण माझंच मला पटलं नाही. 'पाण' म्हणजे नेमकं कोण कोण? आणि या नकोशा किड्यांबद्दल जे बाळगायचं त्याला करुणा म्हणायचं, दया म्हणायचं की आणखी काही?"

लेकीचा कान तयार आहे. 'पाणातिपाता' हे पंचशीलातलं पहिलं शील, जीव न मारण्याचं. आणि चूक तुमची एकटीची नाही, निम्मी मराठीची आहे.

'प्राणी' म्हणजे ज्याला प्राण आहे तो. पण रोजच्या मराठीत हा शब्द केव्हाच आक्रसला. बालवाडीच्या भिंतीवरचे तक्ते आठवा: पाळीव प्राणी, जंगली प्राणी, पक्षी, कीटक. कीटकांचा तक्ता वेगळा. आपल्या कानाला 'प्राणी' म्हटलं की चार पाय आणि शेपूट लागते. ही गत एकट्या 'प्राणी'ची नाही. 'जनावर' हा फारसीतून आलेला शब्दही मुळात 'जान असलेला' एवढंच सांगतो, म्हणजे अक्षरशः 'प्राणी'च. मराठीत त्याची गुरंढोरं झाली, आणि रात्री नाव घ्यायचं नाही म्हणून गावाकडे सापाचंही 'जनावर' झालं. 'जंतू' म्हणजे जन्मलेला तो, त्यात पूर्वी माणूससुद्धा यायचा. आता तो फरशी पुसायच्या बाटलीवर 'जंतुनाशक' होऊन बसला आहे आणि त्याचा भाऊ 'जंत' पोटात.

पालीतला, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेतला, 'पाण' असा आक्रसलेला नाही. संस्कृत 'प्राण' तोच पाली 'पाण', आणि तो श्वासापुरता न राहता श्वास घेणाऱ्यालाही लागतो. अट्ठकथेत, म्हणजे या ग्रंथांवरच्या जुन्या पाली भाष्यात, त्याची व्याख्या दोन पायऱ्यांनी येते: व्यवहारात पाण म्हणजे 'सत्त', म्हणजे कोणताही सजीव, परमार्थाने पाण म्हणजे जीवितेंद्रिय, जगण्याची शक्ती. आकाराची अट कुठेच नाही. उलट, नव्या भिक्खूला उपसंपदेनंतर, म्हणजे पूर्ण दीक्षेनंतर, लगेच ज्या चार न करायच्या गोष्टी सांगतात, त्यांतल्या तिसरीत शब्द आहेत 'अन्तमसो कुन्थकिपिल्लिकं उपादाय', म्हणजे अगदी मुंगीपासून धरून. 'किपिल्लिका' ही संस्कृतातली 'पिपीलिका', अक्षरं थोडी इकडची तिकडे झालेली. तेव्हा झुरळ 'पाण' आहे, ढेकूण आहे, ऊ आहे. झाडं मात्र या शब्दात येत नाहीत. त्यांच्यासाठी भिक्खूंना वेगळा नियम आणि वेगळा शब्द आहे, 'भूतगाम'.

पालीत 'पाणी' असाही शब्द आहे आणि त्याचा अर्थ प्राणी! आपलं प्यायचं पाणी 'पानीय'वरून आलेलं, त्याचा याच्याशी संबंध नाही. पण विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, जीव असलेलं पाणी वापरू नये असा नियम आहे आणि भिक्खूच्या आठ वस्तूंत पाणी गाळायचं 'परिस्सावन', म्हणजे गाळणं, येतं. थोडक्यात पाण्यातला 'पाणी' वाचवायचं साधन.

आता 'अतिपात'. 'पात' आपल्याला रक्तपात, गर्भपात, उल्कापात यांतून ओळखीचा आहे. पालीच्या टीकाकारांनी केलेली 'अतिपात'ची फोड मला फार आवडते: जे आपसूक, सावकाश गळणारच आहे, ते मधेच घाईने पाडणं. मरणार तर झुरळही आहे. शील फक्त आपण घाई करण्याबद्दल बोलतं.

इथे चप्पल आणि पाऊल यांतला फरकही सांगायला हवा. अट्ठकथेप्रमाणे पाणातिपात पुरा व्हायला पाच गोष्टी जुळाव्या लागतात: जीव असणं, तो जीव आहे हे ठाऊक असणं, मारायचा हेतू, त्यासाठीची कृती, आणि तिच्यामुळे आलेलं मरण. अंधारात मुंगीवर पाय पडला तर मधला हेतूच नाही. तरीही बेफिकिरीला मोकळीक नव्हती. वर्षावास सुरू झाल्याची कथा हीच सांगते: पावसाळ्यात फिरणारे भिक्खू हिरवं गवत आणि बारीकसारीक जीव तुडवतात अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून तीन महिने एका जागी राहायचा नियम झाला. आषाढ पौर्णिमेला आपल्याकडच्या विहारांत वर्षावास सुरू होतो, त्याच्या मुळाशी गोगलगायी, गांडुळं आणि मुंग्याही आहेत.

राहिला करुणा की दया हा प्रश्न. माझं मत विचाराल तर दोन्ही नाही, 'मैत्री'. 'दये'त देणारा वर आणि घेणारा खाली असतो, आणि मराठीत ती 'कीव' व्हायला वेळ लागत नाही. अर्थात बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये 'दया'च आहे, पण तिथे जोडीला शब्द आहे 'प्राणिमात्र'. हा 'मात्र' 'पण' या अर्थाचा नव्हे, 'झाडून सगळे' या अर्थाचा, त्यामुळे आक्रसलेला 'प्राणी' तिथे पुन्हा पसरतो. (समासात 'णि' ऱ्हस्व. प्राणिसंग्रहालयाच्या पाटीवर बहुधा दीर्घच असतो.) करुणेबद्दल म्हणाल, तर परंपरेत ती दुःखात असलेल्या कोणत्याही जीवाबद्दल असते. पण बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात भेद केला तो असा: करुणा माणसांपुरती, बुद्ध तिच्यापुढे गेले आणि त्यांनी सर्व सजीवांबद्दलची मैत्री शिकवली. त्याच ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा असाही भेद आहे. डेंग्यूच्या साथीत टाकीवर फवारणी करणारा आणि बसल्या बसल्या मुंग्या चिरडणारा यांना एकाच शब्दाने मोजता येत नाही, ते यामुळे.

आणि नकोशा जीवांशी मैत्री कशी असते याचा सुंदर नमुना खंध परित्तात, म्हणजे रक्षणासाठी म्हणायच्या एका पाली पाठात, आहे. सावत्थीत (श्रावस्तीत) एक भिक्खू साप चावून मेला, त्या प्रसंगी बुद्धांनी ते सांगितलं असं सुत्तात येतं. ज्यांना पाय नाहीत त्यांच्याशी माझी मैत्री, दोन पायांच्यांशी, चार पायांच्यांशी, पुष्कळ पायांच्यांशी मैत्री. मग नावं: अहि, विच्छिका, सतपदी, उण्णानाभी, सरबू, मूसिका. साप, विंचू, गोम, कोळी, पाल, उंदीर. पावसाळ्यातल्या कोकणी पडवीची हजेरीच! 'उण्णानाभी' म्हणजे बेंबीत लोकर असलेला, कोळ्याला याहून चांगलं नाव मला माहीत नाही. 'सरबू'ला कोणी सरडाही म्हणेल. यादी घरात शिरणाऱ्यांची दिसते, म्हणून मी पाल धरतो.

आणि शेवटाकडे येतं 'पटिक्कमन्तु भूतानि'. यातली भूतं पिंपळावरची नव्हेत, 'भूतदये'तली. ज्ञानेश्वरांनी पसायदानात ज्यांच्यात मैत्र मागितलं ती. 'पटिक्कमन्तु' म्हणजे मागे पाऊल घ्या, माघारी जा. आधी मैत्री सांगितली आणि मग सरळ दार दाखवलं! कवटाळायला कोणी सांगितलेलं नाही. चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, कशासाठी, तर 'डंसमकसा'ला, म्हणजे डास-माश्यांना अडवायला असंही भिक्खू रोज मनात म्हणतात. तिथला शब्द 'पटिघात', म्हणजे थोपवणं. हा 'डंस' म्हणजेच आपल्या 'डासा'चं जुनं रूप. मच्छरदाणी हा पटिघात आहे, अतिपात नव्हे. साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवणारी आजीही तेच करत होती. माझ्याकडे त्यासाठी स्टीलचा पेला आणि एक जुनी जाड लग्नपत्रिका आहे: पेला उपडा घालायचा, खालून पत्रिका सरकवायची, गॅलरीत नेऊन सोडायचं. कोळी, गोम सहज येतात. झुरळ पेल्याला दाद देत नाही, हे कबूल.

चप्पल पडलीच तर? पुस्तिकांत शीलाचं बहुधा 'शपथ घेतो' असं भाषांतर असतं, पण मूळ शब्द 'सिक्खापद', म्हणजे शिकायचा धडा, आहे. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड झाला, म्हणून 'शिक्षापद' कानाला घाबरवतं. खरं तर आपलं 'शिकणे' याच 'सिक्ख'मधून उतरलं आहे. शपथ मोडली की मोडली. शिकणाऱ्याचं आज चुकलं तर तो उद्या पुन्हा तेच गिरवतो.

लेकीला वहीत लिहून देणार असाल तर 'ण' नीट काढा. 'पानातिपाता' लिहिलंत तर पालीत 'पान' म्हणजे पिणं, आणि त्यासाठी दारूपासून दूर राहायचं पाचवं शील वेगळं आहेच.