टायफून 'शमले' की 'विरले'?

प्रश्न असा आला आहे: "जपानच्या बातमीत वाचले की 'टायफून क्षीण होऊन त्याचे समशीतोष्ण कमी दाबाच्या क्षेत्रात रूपांतर झाले'. टायफून म्हणजे आपले तुफानच का? आणि असे झाल्यावर मराठीत वादळ शमले म्हणायचे, ओसरले, विरले की निवळले?"

प्रश्नाचा पहिला भाग सोपा वाटतो आणि तोच फसवा आहे. दोन्ही शब्द नात्यातले आहेत, पण कोण कोणाचा काका हे ठरवणे कठीण. आपले तुफान अरबीतून फारसीमार्गे आले. अरबीत तूफान म्हणजे आधी जलप्रलय. कुराणात नूहच्या कथेत येतो तो हाच शब्द. हिंदी महासागरातल्या अरब खलाशांकडून तो पोर्तुगिजांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी. दुसरीकडे ग्रीकांकडे टायफॉन नावाचा, वाऱ्यांचा बाप असलेला राक्षस होताच. तिसरीकडे दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर मोठ्या वाऱ्याला 'दाय फुंग' म्हणत. इंग्रजी शब्दाचे आजचे रूप या सगळ्यांच्या घुसळणीतून आले आहे. जपानी लोक ज्याला 'ताइफू' म्हणतात तो शब्द त्यांच्याकडे तसा नवा. मेइजी सम्राटाच्या काळाच्या (1868-1912) अखेरीस ओकादा ताकेमात्सु या हवामानशास्त्रज्ञाने तो रुळवला. त्याआधी शरदातल्या अशा वाऱ्याला जपानीत 'नोवाकी' म्हणत, म्हणजे रानातले गवत दुभंगत जाणारा. मला विचाराल तर नोवाकीपुढे ताइफू फिकाच.

नाते जवळचे असले तरी वापर एक नाही. मराठीत तुफान हे पाण्यावरून कधीच जमिनीवर आले. गर्दी तुफान असते, विनोद तुफान असतो, मुंबईत पाऊसही तुफान पडतो. टायफून मात्र एका विशिष्ट समुद्रापुरते आहे: वायव्य प्रशांत महासागर, विषुववृत्ताच्या उत्तरेला, 180 रेखांशाच्या पश्चिमेला. तीच गोष्ट रेषेच्या पूर्वेला घडली तर हरिकेन, आपल्याकडे घडली तर चक्रीवादळ. 1994 साली 'जॉन' नावाचे वादळ पूर्व प्रशांतात हरिकेन म्हणून जन्मले, रेषा ओलांडून टायफून झाले आणि परत फिरून पुन्हा हरिकेन झाले. महिनाभर ते 13,000 किमीच्या आसपास भटकत होते. वादळ तेच, पाणीही तेच; बदलत होती ती फक्त पाटी.

म्हणून बातमी जपानची असेल तर टायफूनच लिहावे. तुफान लिहिले तर चूक होत नाही, पण जागा कळत नाही. 'टायफून चक्रीवादळ' असे मात्र लिहू नये, ते 'लेडीज बायका' म्हटल्यासारखे होते.

यात एक खाच आहे आणि अनुवादक तिच्यात हमखास अडकतात. जपानी हवामान खाते वाऱ्याचा वेग ताशी 62 किमीच्या पुढे गेला की ताइफू म्हणते. इंग्रजीत टायफून हे नाव ताशी 118 किमीला मिळते. आपल्या हवामान खात्याच्या उतरंडीत पहिला आकडा म्हणजे नुसते 'चक्रीवादळ' आणि दुसरा म्हणजे 'अतितीव्र चक्रीवादळ'. त्यामुळे जपानी बातमीतला ताइफू इंग्रजीत पोहोचेपर्यंत कधीकधी साधे उष्णकटिबंधीय वादळ होतो आणि वाचकाला वाटते की मधल्या मध्ये ते क्षीण झाले. क्षीण काहीच झालेले नसते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे क्रियापदे. वादळाची वाटचाल सांगायला मराठीत इतकी क्रियापदे आहेत, आणि बातम्यांत मात्र 'सरकले' आणि 'धडकले' या दोनांवरच सगळे भागते. एखादे खरे वादळ घेऊन बघू या. 1979 चे टायफून 'टिप' घेतो, कारण त्याच्यासारखे नोंदलेले दुसरे क्वचितच सापडेल. अमेरिकी विमाने सुमारे 60 वेळा त्याच्यात शिरून आली.

ऑक्टोबरच्या आरंभी पश्चिम प्रशांतातल्या कॅरोलाइन बेटांजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. (क्षेत्र. आपली वर्तमानपत्रे सरसकट 'पट्टा' लिहितात. पट्टा लांबट असतो आणि तो गरगरत नाही. कमी दाबाचा पट्टा वेगळा, क्षेत्र वेगळे.) पहिले काही दिवस त्याला दिशाच सापडेना. शेजारी रॉजर नावाचे दुसरे वादळ होते, त्याच्या ओढीने टिपने एक गिरकीही घेतली. याला इंग्रजी बातमीच्या नादाने 'अनियमित हालचाल' म्हणायची गरज नाही. ते घुटमळले. दारात पाहुणा घुटमळतो, तसे.

मग ते वायव्येला निघाले, 9 तारखेला ग्वाम बेटाच्या दक्षिणेकडून गेले आणि 12 ऑक्टोबरला त्याच्या केंद्रातला दाब 870 मिलिबार नोंदला गेला. समुद्रसपाटीला एरवी 1013 असतो. समुद्रपातळीवर याहून कमी दाब आजवर नोंदला गेलेला नाही. वारे ताशी 305 किमी. घेर 2,220 किमी, म्हणजे कन्याकुमारीहून दिल्लीपर्यंत सरळ रेघ मारा, जवळजवळ तेवढा. या टप्प्याला आपण 'वादळाने रौद्र रूप धारण केले' म्हणतो. त्याला माझी हरकत नाही, पण एकदाच. रौद्र रूप रोज धारण करता येत नाही.

पुढे टिप उत्तरेला वळले. पुष्कळ टायफून असेच वळतात, कारण प्रशांतावर जास्त दाबाचा एक डोंगर बसलेला असतो आणि वादळ त्याच्या कडेकडेने पश्चिमेला जाते. कड संपली की वरच्या अक्षांशातले पश्चिमेचे वारे त्याला धरतात आणि ईशान्येला नेतात. इथे 'सरकले' अगदीच लंगडे पडते. सरकते ते कपाट. या टप्प्यावर वादळ सुसाट सुटते. टिपही सुटले आणि 19 ऑक्टोबरला जपानच्या होन्शू बेटावर आले, तेव्हा वारे ताशी 130 किमीच्या आसपास उरले होते. शिखरावरच्या निम्म्याहूनही कमी. तरी पूर आले, दरडी कोसळल्या, माणसे गेली.

याच ठिकाणी तुमचा प्रश्न येऊन थांबतो, कारण टिपच्या बाबतीतही त्यानंतर तेच झाले: ते समशीतोष्ण कटिबंधातले कमी दाबाचे क्षेत्र बनले आणि अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांकडे निघून गेले. मग ते शमले का?

शमणे बघा. भूक शमते, तहान शमते, राग शमतो, आग शमते. यात काहीतरी हवे होते आणि ते मिळाले, किंवा आतली धग संपली. टायफूनची धग म्हणजे कोमट समुद्र. 26-27 अंशांच्या वरचे पाणी खालून वाफ पुरवत राहते तोवर ते पोसले जाते. जमिनीवर चढले की हा पुरवठा तुटतो. म्हणून फिलिपीन्सच्या किंवा चीनच्या भूमीवर जाऊन जे टायफून संपते, त्याला शमले म्हणणे मला पटते.

ओसरणे वेगळे. पूर ओसरतो, गर्दी ओसरते, सूज ओसरते. काहीतरी चढले होते, ते उतरते आहे, अजून आहे. म्हणून ओसरतो तो जोर. 'वादळाचा जोर ओसरला' अचूक. 'वादळ ओसरले' ढिले.

विरणे ढगांचे, धुक्याचे, दूर जाणाऱ्या आवाजाचे. कापडही विरते, धागे सुटे होत जातात. भर समुद्रात थंड पाण्यावर गेलेले, किंवा वरच्या आणि खालच्या थरांतले वारे वेगवेगळ्या दिशांनी ओढल्यामुळे उसवलेले टायफून असेच संपते. उपग्रहाच्या चित्रात आधी वादळाच्या मधोमध दिसणारा डोळा बुजतो, मग ढग एका बाजूला निघून जातात आणि खालचे चक्र उघडे पडते. याला विरले सोडून दुसरा शब्द सुचत नाही.

निवळते ते पाणी आणि आभाळ. वादळ निवळत नाही. ते गेल्यावर जे उरते ते निवळते. 'टळले' तर फक्त आपल्यापुरते: आपल्याला टळले म्हणजे कुणावर तरी गेले, नाहीतर समुद्रात राहिले.

तुमच्या बातमीतले टायफून यांपैकी काहीच झालेले नाही. ते पालटले. कोमट पाण्यावर जगणारे वादळ आता थंड आणि उबदार हवेच्या झोंबाझोंबीवर जगू लागले. मधला जोर बहुधा कमी होतो, पण वाऱ्याचा पसारा कित्येकदा वाढतो आणि केंद्रापासून लांबच्या गावांनाही तडाखा बसतो. जपानी बातम्यांत 'ताइफूचे समशीतोष्ण कमी दाबात रूपांतर' हे वाक्य ऐकून लोक सुटकेचा श्वास टाकतात, म्हणून तिथले हवामान खाते पुन्हा पुन्हा बजावते की वारा-पाऊस कायम राहू शकतो. मराठीत 'क्षीण होऊन' हे दोन शब्द आधी जोडले की गैरसमज पक्का. क्षीण होतो तो आजारी माणूस, वद्य पंधरवड्यातला चंद्र.

शब्दाने माणसे मरतात का, असा प्रश्न कुणाला पडेल. 2013 च्या नोव्हेंबरात 'हैयान' हे टायफून फिलिपीन्सवर आले. त्याचा वारा जपानी मोजणीत ताशी 230 किमी आणि अमेरिकी मोजणीत 315. वादळ एकच, एक सरासरी दहा मिनिटांची, दुसरी एका मिनिटाची. आपल्या वर्तमानपत्रांत हे दोन्ही आकडे एकाच बातमीत नांदताना दिसतात. पण टाक्लोबान शहराचा घात झाला तो पाण्याने. पाच मीटरहून उंच समुद्र गावात शिरला. इशारा दिलेला होता, पण 'स्टॉर्म सर्ज' या इंग्रजी पारिभाषिक शब्दात. नंतर अनेकांनी बोलून दाखवले की 'त्सुनामी' म्हटले असते तर आम्ही पळालो असतो. सरकारी नोंदीनुसार 6,300 माणसे गेली. त्यानंतर या पाण्यासाठी 'दालुयोंग' हा फिलिपिनो शब्द इशाऱ्यांत ठळकपणे येऊ लागला.

आपण या पाण्याला काय म्हणणार? 'समुद्राला उधाण' असे छापून येते. कोकणात वाढलेल्या माणसाला उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती. उलट बाजूला भांग असतो, अष्टमीच्या आसपासचा. दोन्ही पंचांगावरून सांगता येतात. वादळाने चढणारे पाणी पंचांग विचारत नाही, भांगातही येते. उधाण म्हटले की किनाऱ्यावरचा माणूस तिथी बघेल आणि होडी तिथेच ठेवेल. 'वादळी लाटा'ही अपुरे, कारण ही लाट नसते, सगळा समुद्रच वर उचलला जातो. मी 'समुद्र चढणे' लिहितो. पाणी चढले की काय करायचे हे कुणाला शिकवावे लागत नाही.

'वेग' या शब्दानेही असाच घोळ होतो. वादळाचा वेग आणि वाऱ्याचा वेग या दोन गोष्टी. हैयान ताशी साधारण 40 किमीने पुढे जात होते, टायफूनच्या मानाने पुष्कळच झपाट्याने. 2009 चे 'मोराकोट' तैवानवर रेंगाळले. वाऱ्याच्या हिशेबात ते मध्यमच होते, पण रेंगाळल्यामुळे अलीशानच्या डोंगरात 2,700 मिमीहून जास्त पाऊस पडला. मुंबईच्या 26 जुलैला सांताक्रूझला 944 पडला होता. 'वादळाचा वेग मंदावला' हे वाक्य तैवानमध्ये कुणालाही दिलासा देणारे नव्हते. वाऱ्याबद्दल बोलायचे तर आपल्याकडे सुंदर सोय आहे: वारा सुटतो आणि वारा पडतो. वादळ पडत नाही.

'ट्रॅकिंग'ला काय म्हणावे, हेही बरेच जण विचारतात. झालेल्या वाटेचा काढतात तो माग, पावलांवरून शिकाऱ्याने काढावा तसा. पुढच्या वाटेचा असतो तो अंदाज. जपानी नकाशावर पुढची वाट वर्तुळांनी दाखवतात. वर्तुळ मोठे होत जाते, म्हणून वाटते वादळ फुगते आहे. प्रत्यक्षात त्या वेळी केंद्र त्या वर्तुळात असण्याची शक्यता 70 टक्के, एवढाच त्याचा अर्थ. फुगतो तो आपला अंदाज. माग काढणेही आता बहुतांशी लांबूनच होते. वायव्य प्रशांतातली अमेरिकी विमानांची नियमित उड्डाणे 1987 ला थांबली, आणि व्हर्नन ड्वोरॅकने सत्तरच्या दशकात बसवलेल्या रीतीने उपग्रहचित्रातल्या ढगांच्या ठेवणीवरून जोर ठरवतात. तेव्हा टिपचा दाब 'नोंदला गेला' हे बरोबर, पण हैयानचा 895 'अंदाजला गेला' असेच लिहायला हवे.

तर तुमचे वाक्य मी असे लिहीन: 'टायफूनचा जोर ओसरला असून ते आता पालटून समशीतोष्ण कटिबंधातील वादळ झाले आहे, वारे अजून आहेत.' 'ते' लिहिले आहे, कारण मराठीत वादळ ते, तुफान ते, म्हणून टायफूनही तेच. 'टायफून आला' असे कुणी म्हटले तर मला तो तीनच्या गाडीने आल्यासारखा वाटतो.