चौकोन, ठिपके की काळोख? फोर-के टीव्ही आणि डिशचा बॉक्स

नवा फोर-के टीव्ही आणला, सेट-टॉप बॉक्स जोडला आणि चित्र बिघडले. आता दोष कुणाचा? या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर हाच आहे. उत्तर शोधायला कोणतेही उपकरण लागत नाही. चित्र बिघडलेले असतानाच बॉक्सच्या रिमोटवरचे मेन्यूचे बटण दाबा. चॅनेल आकाशातून येते, पण मेन्यू बॉक्स स्वतः तयार करतो. मागचे चित्र फुटते आहे आणि मेन्यूची अक्षरे मात्र स्वच्छ आहेत, असे दिसले तर दोष बॉक्सपर्यंत येणाऱ्या मार्गात आहे, म्हणजे डिश, एलएनबी (डिशच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग), केबल किंवा त्यांच्या जोडण्यांत. मेन्यूवरही ठिपके उमटतात किंवा मेन्यूसकट पडदा काळा होतो, तर दोष बॉक्स आणि टीव्ही यांच्या मधल्या एचडीएमआय जोडणीत शोधा. ही चाचणी केल्याशिवाय डिश हलवू नका आणि टीव्हीही परत करू नका.

प्रश्न : यूएचडी (म्हणजे फोर-के) चॅनेल लावले की दर काही मिनिटांनी पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो, कधी 'नो सिग्नल' दिसते. एचडी चॅनेल मात्र दिवसभर व्यवस्थित चालतात. एचडीएमआय केबल जुन्या टीव्हीचीच आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्यच बहुधा उत्तर आहे. एचडी चॅनेलचे १०८०आय चित्र एचडीएमआयमधून जाताना सेकंदाला सुमारे सव्वादोन गिगाबिट लागतात. तेच सेकंदाला ५० फ्रेमचे २१६०पी, म्हणजे फोर-के, चित्र रंगाची माहिती कमी करून, म्हणजे ४:२:० मध्ये, ८ बिटने पाठवले तरी ८.९१ गिगाबिट लागतात, आणि १० बिटने पाठवले तर ११.१४. बॉक्स ४:२:२ वर, म्हणजे रंगाची जास्त माहिती पाठवत, असेल तर हा आकडा १७.८२ वर जातो. जुन्या 'हाय स्पीड' केबलची चाचणी १०.२ गिगाबिटपर्यंतच झालेली असते. त्यामुळे एचडी सहज निघते आणि यूएचडीला दम लागतो. डिजिटल जोडणी हळूहळू धूसर होत नाही. आधी पांढरे ठिपके चमकतात, मग पडदा मधूनच जातो.

नवी केबल घेण्याआधी खात्री करून घ्या. बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आउटपुट १०८०पी करा आणि संध्याकाळभर तेच यूएचडी चॅनेल पाहा. काळोख एकदाही आला नाही, तर केबलची क्षमता अपुरी आहे असे समजायला हरकत नाही. बॉक्समध्ये रंगाचा पर्याय असेल तर २१६०पी तसेच ठेवून ४:२:२ ऐवजी ४:२:० निवडून पाहा. कधी कधी तेवढ्यानेही भागते.

केबल घेताना 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणजे १८ गिगाबिट किंवा 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे ४८ गिगाबिट असे प्रमाणपत्राचे लेबल पाहा. खोक्यावरच्या '२.०' किंवा '२.१' या आकड्यांवर जाऊ नका. ते क्रमांक उपकरणांच्या क्षमतेचे आहेत, केबलचे नव्हेत. सोन्याचा मुलामा, जाडजूड वेष्टन यांनीही बिट वाढत नाहीत. लांबी मात्र महत्त्वाची आहे. दोन मीटरमध्ये काम होत असेल तर पाच मीटर घेऊन मागे वेटोळे करून ठेवू नये. पाच मीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी. तिला दिशा असते. 'सोर्स' लिहिलेले टोक बॉक्सला, 'डिस्प्ले' लिहिलेले टीव्हीला. उलटी लावली तर काहीच दिसत नाही. मधे जोडपिन किंवा भिंतीतले सॉकेट असेल तर चाचणीपुरते तरी ते वगळा.

आता टीव्हीचे सेटिंग. अनेक टीव्हींवर एचडीएमआयचे प्रत्येक सॉकेट सुरुवातीला जुन्या उपकरणांना चालेल अशा मर्यादित पद्धतीत ठेवलेले असते. पूर्ण क्षमता आपण उघडावी लागते, आणि तीही ज्या सॉकेटला बॉक्स लावला आहे त्याच्यापुरती. सॅमसंगवर हे 'इनपुट सिग्नल प्लस' किंवा जुन्या मॉडेलवर 'एचडीएमआय यूएचडी कलर' या नावाने मिळते, एलजीवर 'एचडीएमआय डीप कलर', सोनीवर 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' मध्ये 'एन्हान्स्ड'. हे बंद असेल तर बॉक्सला वाटते की टीव्हीची पोच तेवढीच आहे आणि तो १०८०पी किंवा ८ बिटवर थांबतो. ते चालू केल्यावर बॉक्स जास्त भार टाकू लागतो. म्हणून कालपर्यंत ठीक असलेले चित्र हे सेटिंग चालू केल्यावर जाऊ लागले, तर सेटिंगला दोष देऊ नका, केबल बदला. बॉक्स जुना, फक्त एचडीचा असेल आणि चित्रच येईनासे झाले, तर त्या सॉकेटचे सेटिंग पुन्हा 'स्टँडर्ड' करा.

एवढे करूनही अडले तर दोन्हींचे प्लग भिंतीतून काढा. स्टँडबाय म्हणजे बंद नव्हे. एक मिनिटाने प्लग लावा, आधी टीव्ही सुरू करून योग्य एचडीएमआय निवडा, मग बॉक्स सुरू करा. बॉक्स सुरू होतानाच टीव्हीला त्याची क्षमता विचारतो. त्या वेळी टीव्ही झोपलेला असेल तर चुकीचे उत्तर घेऊन बसतो.

प्रश्न : चित्राचे चौकोनी तुकडे पडतात आणि आवाजही तुटतो. एसडी चॅनेल चालते, यूएचडी आधी जाते. सिग्नलची पट्टी तर ८० टक्के दाखवते!

उत्तर : चौकोन आणि त्यासोबत तुटणारा आवाज ही डिशच्या बाजूची खूण आहे. बॉक्सच्या सिग्नल पानावर दोन पट्ट्या असतात: ताकद आणि गुणवत्ता. ताकदीच्या पट्टीत गोंगाटही मोजला जातो, त्यामुळे ती ८० असूनही चित्र फुटू शकते. गुणवत्तेची पट्टी पाहा. यूएचडी आणि एचडी चॅनेल अनेकदा अशा पद्धतीने पाठवतात, की कमी जागेत जास्त माहिती मावते, पण त्या बदल्यात सिग्नल अधिक स्वच्छ लागतो. डिश केसभर सरकली तर एसडी सांभाळून घेते, यूएचडी घेत नाही.

आधी बॉक्सचा प्लग काढा, कारण डिशच्या केबलमधून एलएनबीला वीज जात असते. मग बॉक्सकडचे आणि एलएनबीकडचे असे दोन्ही एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाची फिरवून लावायची पिन) उघडून पाहा. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर आलेली, सरळ आणि चकचकीत हवी. बाहेरच्या जाळीचा एखादा केसही तिला टेकता कामा नये. तार हिरवी किंवा काळी पडली असेल तर पाणी शिरले आहे. टोक कापून नवा कनेक्टर लावा, आणि आतली जाळीही काळवंडलेली असेल तर केबलच बदला. एलएनबीजवळ केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोळातून गळून पडते. डिशसमोर वाढलेली फांदी हेही कारण असू शकते.

चॅनेलांचा एक ठरावीक गटच जात असेल तर मामला वेगळा आहे. बॉक्स एलएनबीला १३ व्होल्ट देतो तेव्हा उभ्या ध्रुवणाची (म्हणजे लहरी उभ्या दिशेत कंप पावणारी) चॅनेल मिळतात, १८ देतो तेव्हा आडव्या. केबल लांब, पातळ किंवा गंजलेली असेल तर १८ व्होल्ट वर पोचेपर्यंत कमी होतात आणि आडव्या गटाची सगळी चॅनेल गायब होतात. मोठ्या पावसात काही मिनिटे चित्र जाणे आणि मार्च किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस ठरावीक वेळी थोडा वेळ जाणे यांना मात्र इलाज नाही. दुसऱ्या प्रकारात सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो.

प्रश्न : जुन्या टीव्हीवर एसडी चॅनेल छान दिसत होती, फोर-केवर पुसट आणि खरबरीत दिसतात. टीव्ही सदोष आहे का?

उत्तर : नाही. एसडी चित्रात ७२० × ५७६ म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात, टीव्हीच्या पडद्यावर ३८४० × २१६० म्हणजे ८२,९४,४०० असतात. बरोबर वीसपट. मूळच्या एका बिंदूवरून वीस बिंदू अंदाजाने भरायचे, तेही मोठ्या पडद्यावर. थोडा फरक पाडता येतो. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड सोडा. शार्पनेस खाली आणा, कारण तो तपशील वाढवत नाही, फक्त कडांभोवती पांढरी रेघ ओढतो. नॉइज रिडक्शन 'लो' ठेवा. बॉक्सचे आउटपुट कायम २१६०पी असेल तर चित्र मोठे करण्याचे काम बॉक्स करतो. 'नेटिव्ह' किंवा 'ओरिजिनल' निवडले तर ते टीव्ही करतो आणि सहसा अधिक चांगले करतो. मग चॅनेल बदलताना क्षणभर पडदा काळा होईल, तो बिघाड नव्हे. खरे औषध एकच: त्याच चॅनेलची एचडी आवृत्ती.

प्रश्न : नवा बॉक्स लावल्यापासून सगळ्याच चॅनेलांचे रंग उडालेले दिसतात.

उत्तर : बॉक्समधले एचडीआर (उजेड आणि रंगांचा आवाका वाढवणारी पद्धत) 'नेहमी चालू' असे ठेवलेले आहे का ते पाहा. साधे चित्र एचडीआरच्या वेष्टनात गेले की टीव्ही त्याचा उजेड आणि रंग वेगळ्या हिशेबाने लावतो. साध्या चॅनेलवरही टीव्हीच्या माहितीपट्टीत 'एचडीआर' किंवा 'एचएलजी' (एचडीआरचाच एक प्रकार) दिसत असेल तर हेच कारण. बॉक्सवर 'ऑटो' निवडा.

तिथे काही सापडले नाही तर काळ्या रंगाची पातळी तपासा. प्रसारणात काळा १६ आणि पांढरा २३५ या अंकांवर असतो. टीव्ही ० ते २५५ गृहीत धरून बसला असेल तर काळे केस राखाडी दिसतात. उलट झाले तर सावल्यांमधले सगळे काळ्यात बुडते. टीव्हीवर 'ब्लॅक लेव्हल' किंवा 'डायनॅमिक रेंज' नावाचे सेटिंग असते. ते 'ऑटो' किंवा 'लिमिटेड' हवे.

प्रश्न : मैदानावर कॅमेरा फिरला की चित्र धक्के खाते, खालची बातम्यांची पट्टीही अडखळत सरकते.

उत्तर : प्रसारण ५० हर्ट्झचे आणि बॉक्सचे आउटपुट ६० हर्ट्झवर, असे झाले असावे. सेकंदाला ५० चित्रांची ६० करण्यासाठी दर पाचातले एक चित्र दोनदा दाखवावे लागते. सेकंदाला दहा अडखळी. बॉक्समध्ये २१६०पी ५० हर्ट्झ निवडा. टीव्हीचे 'मोशन' सेटिंग वाढवून हे जात नाही, उलट माणसे मेणासारखी दिसू लागतात. ६० हर्ट्झचे प्रसारण असलेल्या देशांत हेच उलटे वाचावे.

प्रश्न : चित्राच्या चारही कडा कापल्या जातात.

उत्तर : टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन', 'फिट टू स्क्रीन' किंवा '१:१' निवडा, बॉक्सचा झूम बंद करा.

प्रश्न : बॉक्स होम थिएटरच्या अॅम्प्लिफायरमधून टीव्हीला जोडला आहे. यूएचडीऐवजी 'एचडीसीपी' असा संदेश येतो.

उत्तर : यूएचडी कार्यक्रमांच्या नक्कल-संरक्षणाला एचडीसीपी २.२ लागते आणि साखळीतल्या प्रत्येक उपकरणात ते असावे लागते. तुमचा अॅम्प्लिफायर त्याआधीचा असणार. त्याला नवी केबल लावून उपयोग नाही. बॉक्स थेट टीव्हीला लावा आणि आवाज टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या, आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआय सॉकेटमधून किंवा ऑप्टिकल केबलने अॅम्प्लिफायरकडे न्या. आवाज मागे पडला तर अॅम्प्लिफायरमधला ऑडिओ डिले आधी शून्य करा.

प्रश्न : जुना बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी जोडला तर चित्र कृष्णधवल येते.

उत्तर : टीव्हीवर पिवळ्या पिनेचे आणि कॉम्पोनंटच्या (चित्र तीन पिनांनी नेणाऱ्या जोडणीच्या) हिरव्या पिनेचे सॉकेट बहुधा एकच आहे. टीव्ही ते कॉम्पोनंट समजला की त्यातून फक्त उजेडाची माहिती घेतो, रंग सोडून देतो. इनपुटच्या यादीत 'एव्ही' निवडा. टीव्हीला ३.५ मिलिमीटरचे बारीक सॉकेट असेल तर टीव्हीसोबत आलेलाच अॅडॉप्टर वापरा, कारण बाजारातल्या सगळ्यांची आतली जोडणी सारखी नसते. चुकीचा लागला तर चित्राच्या जागी गुरगुर ऐकू येते. बॉक्सला एचडीएमआय असेल तर मात्र या पिना बाजूला ठेवा, त्यांतून एचडी जात नाही.