घाट चढते, मग चौकात का अडते?

प्रश्न : माझी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक आहे, हाताने गियर टाकायची. सिग्नलला थांबून पुन्हा निघताना ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन क्षणभर दबतं, मग एकदम झटका बसून गाडी पुढे पळते. सकाळी त्रास जास्त. एकदा धावू लागली की तक्रार नाही. माहेरी कराडला जाताना चौघं बसूनही कुंभार्ली घाट छान चढते. गॅरेजमध्ये प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले, फरक नाही. आता टाकीतला पेट्रोल पंप बदला म्हणतात. खर्च मोठा आहे. बदलू का? की हे २० टक्के इथेनॉलवाल्या ई२० पेट्रोलमुळे होतंय?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, पंपाला इतक्यात हात लावू देऊ नका. कुंभार्ली घाटाचं तुम्ही सहज लिहून गेलात, पण निम्मं निदान तिथेच झालं. भरल्या गाडीने चढ चढताना इंजिनाला पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं. पंप कमजोर असता किंवा त्याची जाळी तुंबली असती, तर गाडीने घाटातच मान टाकली असती. तरी शंका नको म्हणून गेज लावून पेट्रोलचं प्रेशर मोजून घ्या. तुमच्यासारख्या बहुतेक गाड्यांत ते ३ ते ४ बारच्या दरम्यान असतं. मोजल्याशिवाय पंप बदलणं म्हणजे तुमच्या पैशांवर अंदाज बांधणं, आणि याची मला मनापासून चीड आहे.

‘इंजिन दबतं’ असं लिहिलंत तेही बरं केलंत. आवाज चढला असता आणि गाडी हलली नसती, तर मी क्लच बघायला सांगितलं असतं.

आता त्या एका क्षणात काय होतं ते बघा. पाय दाबला की थ्रॉटलची बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतली गोल झडप, उघडते आणि हवा लगेच आत शिरते. पेट्रोलचं तसं नाही. त्यातलं थोडं आतल्या वाटेच्या भिंतींनाच चिकटतं, इंजिन गार असेल तर जास्तच. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर त्या क्षणी थोडं जादा पेट्रोल सोडतो. कार्बोरेटरच्या काळात हेच काम एक छोटा पंप करायचा आणि त्याचा पडदा फाटला की गाड्या अशाच अडायच्या. जादा पेट्रोल किती सोडायचं, हे कॉम्प्युटर सेन्सरच्या भरवशावर ठरवतो. सेन्सरने उशिरा सांगितलं की इंजिन दबलंच.

उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजात अशी गाडी आली की मी आधी एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढतो आणि ही झडप जिच्यात बसते त्या थ्रॉटल बॉडीत टॉर्च मारतो. बटरफ्लायच्या कडेला आणि ती जिथे टेकते तिथे काळं कडं दिसतं. बोट फिरवलं तर काजळासारखं लागतं. इंजिनातून उलट येणारी तेलाची वाफ तिथे साचत जाते. बटरफ्लाय पूर्ण उघडली की त्या कड्याने काही अडत नाही, म्हणून घाटात त्रास नाही. पण जेमतेम उघडते तेव्हा हवेची वाट फटीएवढी असते आणि कडं नेमकं तिथेच आडवं येतं. पाय दाबताना पेडल सुरुवातीला चिकटल्यासारखं वाटतं का, तेही बघा.

साफ करताना थ्रॉटल बॉडीचाच स्प्रे आणि मऊ कापड वापरायला सांगा. पॉलिश पेपर अजिबात नको. ॲक्सिलरेटरला केबल नसून मोटर असेल, तर बटरफ्लाय बोटाने ढकलायची नाही, आतले गियर बिघडतात. नंतर स्कॅनर लावून आयडल, म्हणजे पाय न देता चालणारी रेस, नव्याने सेट करून घ्या, नाहीतर रेस वरखाली होत राहील आणि साफसफाईवर खापर फुटेल. गाडीत आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल, तर त्याच बैठकीत त्याचं तोंडही साफ करून घ्या. त्यावर तेल चढलं की तो आळशी होतो.

यानेही भागलं नाही, तर रबरी नळ्या तपासा. कोकणात उंदीर बॉनेटखाली घुसतात आणि नळ्या कुरतडतात, हे तुम्हाला मी काय सांगणार! गाडी चालू ठेवून कान द्या. सूंऽऽ असा आवाज आला तर हवा चोरून आत जातेय. ब्रेक बूस्टरची नळी विसरू नका, तिच्यावर ब्रेकही अवलंबून आहे.

ई२०बद्दल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त लागतं. इंजिन तापलं की ऑक्सिजन सेन्सर ही कसर भरून काढतो. सकाळी तो गार असतो, म्हणून जुन्या गाडीत अडखळणं थोडं वाढू शकतं. पण तापलेली गाडीही सिग्नलला दबते, तेव्हा मूळ दुखणं दुसरंच आहे. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय ते, बघायला सांगा. लाँग टर्मचा आकडा सतत अधिक १० टक्क्यांच्या वर असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. मग नळ्या, इंजेक्टर, प्रेशर या रांगेने शोधायचं. पंपाचा नंबर तेव्हा.

आणि ताई, दुरुस्ती होईपर्यंत मुंबई-गोवा महामार्ग ओलांडताना फार जपा. समोरून ट्रक येत असेल तर ‘निघेल’ म्हणून गाडी घालू नका, तो पूर्ण जाऊ द्या. रेस वाढवून झटक्यात क्लच सोडायची सवयही लावून घेऊ नका, क्लच प्लेट लवकर जाईल.