शंका एक्सेलच्या : सेल लाल दिसतो, मॅक्रो पांढरा सांगतो

(कोडमधले शब्द आणि आकडे इथे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना ते इंग्रजीत करा.)

प्रश्न : जिनिंगवर कापसाच्या काटापट्ट्या एक्सेलमध्ये भरतो. डी रकान्यात ओलावा असतो. तो १२ च्या वर गेला की सेल लाल व्हावा अशी अट कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये लावली आहे आणि सेल लाल होतोही. संध्याकाळी लाल गाड्या मोजायला मॅक्रो केला, त्यात सेल.इंटिरिअर.कलर तपासतो. उत्तर कायम शून्य येते. हाताने रंगवलेला सेल मात्र बरोबर मोजला जातो. असे का?
– एक वाचक, धरणगाव

उत्तर : सेलचा स्वतःचा रंग वेगळा आणि अटीमुळे वरून चढलेला रंग वेगळा. इंटिरिअर.कलर फक्त पहिला रंग सांगतो. तुमच्या सेलला स्वतःचा रंग नाही, म्हणून तिथे १६७७७२१५, म्हणजे पांढरा, मिळतो. पडद्यावर दिसणारा रंग हवा असेल तर मध्ये डिस्प्लेफॉरमॅट घाला :

सब लालमोजा()
डिम सेल ॲज रेंज, संख्या ॲज लाँग
फॉर ईच सेल इन ॲक्टिव्हशीट.रेंज("डी२:डी४५००")
इफ सेल.डिस्प्लेफॉरमॅट.इंटिरिअर.कलर = आरजीबी(२५५, १९९, २०६) देन संख्या = संख्या + १
नेक्स्ट सेल
एमएसजीबॉक्स संख्या
एंड सब

२५५, १९९, २०६ हा एक्सेलच्या तयार यादीतल्या फिक्या लाल रंगाचा आकडा. तुम्ही दुसरा रंग निवडला असेल तर एका लाल सेलवर उभे राहा, ऑल्ट आणि एफ११ दाबून कोडची खिडकी उघडा, कंट्रोल आणि जी दाबून खालच्या इमिजिएट खिडकीत ?ॲक्टिव्हसेल.डिस्प्लेफॉरमॅट.इंटिरिअर.कलर असे लिहून एंटर करा. जो आकडा येईल तोच आरजीबीच्या जागी टाका. अंदाजाने रंग लिहू नका. एका अंकाचा फरक असला तरी गाडी मोजली जाणार नाही.

फॉरमॅटकंडिशन्स.काउंट वापरून पाहायचा मोह होईल. सेलवर किती अटी लावल्या आहेत एवढेच तो सांगतो, अट लागू झाली की नाही ते नाही. एफ५ दाबून स्पेशलमध्ये कंडिशनल फॉरमॅट्स निवडले तरी अट लावलेले सगळे सेल मिळतात, लाल असोत वा नसोत. अट कुठपर्यंत पोचली आहे हे पाहायला ते उत्तम, मोजायला निरुपयोगी. मॅक्रोतून हेच करायचे तर स्पेशलसेल्स वापरतात. एकही सेल सापडला नाही तर तो १००४ नंबरची चूक देऊन थांबतो, आणि त्याला एकच सेल दिला तर सगळे शीट धुंडाळतो.

वरचाच कोड फंक्शन म्हणून लिहून शीटमध्ये =लालमोजा(...) केलेत तर व्हॅल्यूची चूक येईल. सेलमधल्या सूत्रातून बोलावलेल्या फंक्शनमध्ये डिस्प्लेफॉरमॅट चालत नाही. इव्हॅल्युएटचा वळसा घालून ते चालवता येते, पण रंग बदलला म्हणून एक्सेल फेरगणना करत नाही, त्यामुळे आकडा शिळा राहू शकतो. बटणाला जोडलेला सब बरा.

खरे तर नुसता आकडा हवा असेल तर रंगाच्या मागे लागण्याचे कारण नाही. रंग ज्या अटीवर चढतो तीच अट सूत्रात घाला : =काउंटइफ(डी२:डी४५००,">१२"). तरीही रंगाचा मॅक्रो ठेवाच, कारण हे दोन आकडे जुळले नाहीत तर नोंदीतच गडबड असते. कोणी '९ टक्के' असे अक्षरांसह लिहिले की तो मजकूर होतो. एक्सेलच्या तुलनेत मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा, म्हणून ९ टक्क्यांचा वाळलेला कापूसही लाल होतो. काउंटइफ मात्र त्याला वगळतो. सूत्राने "" असे रिकामे ठेवलेले सेलही याच कारणाने लाल होतात. असे सेल शोधायला एफ५, स्पेशल, कॉन्स्टंट्स आणि फक्त टेक्स्टवर खूण. सूत्रातले हवे असतील तर कॉन्स्टंट्सऐवजी फॉर्म्युलाज.

याच्या उलटी चूक जास्त महाग पडते. जनरल सेलमध्ये १३% असे चिन्हासह टाइप केले तर एक्सेल ०.१३ साठवतो. डोळ्यांना १३% दिसते, पण सेल लाल होत नाही आणि काउंटइफही गप्प. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांच्या वर कपात आणि १२ च्या वर खरेदीच नाही, तेव्हा अशी एखादी नोंद निसटणे परवडणारे नाही. =काउंटइफ(डी२:डी४५००,"<१") शून्य आहे ना, रोज पाहा. शक्य तर डेटा व्हॅलिडेशनमध्ये ४ ते ३० दरम्यानचाच दशांश आकडा घेऊ द्या. वरच्या दोन्ही चुका दारातच अडतील. फक्त पेस्ट केलेला मजकूर व्हॅलिडेशनला जुमानत नाही.

प्रश्न : केळीच्या घडांच्या वजनाला हिरव्यापासून लालपर्यंत उतरती छटा दिली आहे, शेजारी बाणांची चिन्हेही आहेत. मॅक्रोने 'लाल' घड वेगळे काढता येतील का?
– एक वाचक, रावेर

उत्तर : छटेत प्रत्येक वजनाला वेगळा आकडा मिळतो, त्यामुळे एका ठरावीक रंगाशी ताडून काहीच हाती लागणार नाही. कुठल्या वजनाच्या खाली 'लाल' म्हणायचे ते आधी ठरवा आणि वजनावरच अट लावा. मात्र 'पेक्षा कमी' अशा अटीत रिकामा सेलही शून्य धरला जाऊन रंगतो, तेव्हा रिकाम्यांना आधी वगळा. बाणाचे चिन्ह म्हणजे सेलचा रंग नव्हे, इंटिरिअर.कलरमध्ये ते उतरत नाही. एकेका बाणाचे घड पाहायचे असतील तर फिल्टरमध्ये रंगासोबत चिन्हानुसार गाळण्याचीही सोय आहे, मॅक्रोची गरजच नाही. गाळल्यावर =सबटोटल(१०३, रकाना) दिसणाऱ्या ओळींची संख्या देते, १०९ दिला तर बेरीज.

प्रश्न : मिरचीच्या आवकेचे शीट जुन्या संगणकावर एक्सेल २००७ मध्ये आहे. डिस्प्लेफॉरमॅट लिहिले की ४३८ नंबरची चूक येते.
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : डिस्प्लेफॉरमॅट एक्सेल २०१० पासून आले. त्याआधी अटीचे सूत्र फॉर्म्युला१ मधून काढून स्वतः तपासावे लागते, आणि ते सूत्र त्या वेळी ज्या सेलवर उभे आहात त्याच्या हिशेबाने बदलून मिळते. उभे ए१ वर आणि तपासणी डी५० ची, असे झाले की उत्तर भलत्याच ओळीचे. म्हणून २००७ मध्ये ती अटच मॅक्रोत पुन्हा लिहा : इफ सेल.व्हॅल्यू > मर्यादा. मर्यादा एका वेगळ्या सेलमध्ये ठेवा आणि रंगाची अटही त्याच सेलकडे बोट दाखवणारी करा. एक्सेल २००७ मध्ये अटीला दुसऱ्या शीटवरचा सेल थेट देता येत नाही, म्हणून मर्यादा त्याच शीटवर असू द्या किंवा त्या सेलला नाव देऊन ते नाव वापरा.